दृष्टीआडचा समुद्र: जहाजवाहतुकीबद्दल आपलं मत बनतं तरी कसं?

मार्च 2021 मध्ये सहा दिवस जगाचं लक्ष एका जहाजावर खिळलं होतं. 400 मीटर लांबीचं ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनर जहाज सुएझ कालव्यात तिरकं रुतून बसलं होतं. प्रचंड जहाजाच्या नाळेशी माती उकरणारं एक इवलंसं यंत्र, हा फोटो तुम्हीही पाहिला असेल. जगाच्या व्यापारातला सुमारे 12 टक्के माल तेव्हा या एका कालव्यातून जात होता, हे अनेकांना त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं. 29 मार्चला जहाज निघालं आणि विषय संपला.

जहाजावरच्या लोकांसाठी मात्र तो संपला नव्हता. नुकसानभरपाईचा वाद पेटला, इजिप्तने जहाज अडकवून ठेवलं, आणि ते कालव्यातल्या ग्रेट बिटर लेकमध्ये 7 जुलैपर्यंत नांगरून पडलं. सहा दिवसांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पुढच्या शंभर दिवसांची फार थोड्यांना. जहाजवाहतुकीबद्दल लोकांना काय वाटतं, हे समजून घ्यायचं तर या फरकापासून सुरुवात करावी लागते.

आधी उद्योगाचा आवाका पाहू. वजनाच्या हिशेबाने जगातल्या व्यापाराचा 80 टक्क्यांहून जास्त माल समुद्रावरून जातो. एक लाखाहून जास्त व्यापारी जहाजं आणि त्यांवर काम करणारे जवळपास 19 लाख खलाशी आणि अधिकारी, असा हा पसारा आहे. तरीही याबद्दल कुणाला मत विचारलं, तर बहुतेक जण क्षणभर थांबतात. मग दोनपैकी एक उत्तर येतं. “महत्त्वाचं आहे, त्यावर तर सगळं चालतं”, किंवा “तेल सांडतात, समुद्र नासवतात.” बऱ्याचदा एकच माणूस ही दोन्ही वाक्यं पाठोपाठ बोलतो. त्यात त्याचा गोंधळ नाही. दोन्ही खरी आहेत. फक्त पहिलं वाक्य त्याने कुठेतरी वाचलेलं असतं आणि दुसरं त्याने पडद्यावर डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

जहाजं नजरेआड कशी गेली

एके काळी बंदर म्हणजे शहराचा मध्य असायचा. जहाज धक्क्याला लागलं की कित्येक दिवस तिथेच असे. पोती, पिंपं, गठ्ठे माणसांच्या पाठीवरून उतरत. हजारो घरांची चूल त्या कामावर पेटे. खलाशी गावात फिरत, उधारी करत, लग्नंही करत. जहाजाबद्दल मत बनवायला बातमीची गरज नव्हती.

26 एप्रिल 1956 रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकी उद्योजकाने ‘आयडियल एक्स’ या जहाजावर 58 कंटेनर चढवून ते न्यूआर्कहून ह्यूस्टनला पाठवले. पोलादी पेटी बंद करायची आणि ती न उघडता ट्रकवरून जहाजावर आणि जहाजावरून ट्रकवर ठेवायची, एवढीच कल्पना. पण तिने बंदरांचा नकाशा बदलला. पेट्या रचायला मोठं मैदान लागतं, मोठ्या जहाजांना खोल पाणी लागतं, आणि ते जुन्या शहरात नसतं. लंडनसारख्या शहराच्या पोटातल्या गोद्या एकामागून एक बंद पडल्या, 1981 मध्ये शेवटच्याही मिटल्या, आणि काम टिलबरी, फेलिक्सस्टोकडे सरकलं. पुढे 2004 मध्ये सुरक्षेचे नवे आंतरराष्ट्रीय नियम आले आणि जगभरच्या बंदरांभोवती कुंपणं उभी राहिली. आज जहाज रात्री येतं, दिवसभरात रिकामं होऊन पुन्हा भरतं आणि निघून जातं. 400 मीटरच्या जहाजावर माणसं असतात वीस-पंचवीस. गावात फिरायला त्यांना वेळही नसतो आणि अनेकदा परवानगीही.

इंग्रजीत या अवस्थेला ‘सी ब्लाइंडनेस’ म्हणतात. आपल्याकडे त्याहून जुना आणि नेमका शब्द आहे, दृष्टीआड सृष्टी.

हे नजरेआड जाणं नुसतं डोळ्यांपुरतं नाही, ते कागदावरही आहे. ‘एव्हर गिव्हन’चंच उदाहरण घ्या. मालकी जपानी कंपनीची, जहाज चालवणारी कंपनी तैवानची, तांत्रिक व्यवस्थापन जर्मन कंपनीकडे, झेंडा पनामाचा आणि खलाशी भारतीय. यात बेकायदा काही नाही. मालकाने जहाजाची नोंदणी स्वतःच्या देशात न करता कर आणि नियम सोयीचे असतील त्या देशात करायची, याला ‘सोयीचा झेंडा’ म्हणतात. जगातल्या जहाजांच्या एकूण वहनक्षमतेपैकी 40 टक्क्यांहून जास्त क्षमता लायबेरिया, पनामा आणि मार्शल बेटं या तीनच देशांच्या झेंड्याखाली आहे. सामान्य माणसाला याचा अर्थ एवढाच कळतो, की काही बिघडलं तर रागवायचं कुणावर हेच ठरवता येत नाही. ज्याचा चेहरा दिसत नाही त्याच्यावर विश्वास बसत नाही, आणि मला तरी हे अगदी रास्त वाटतं.

याच्या उलट क्रूझ जहाजांचं. मालवाहू जहाजांच्या तुलनेत ती मूठभर, पण शहराच्या तोंडाशी येऊन उभी राहतात. व्हेनिसमध्ये घरांच्या छपरांपेक्षा उंच जहाजं कालव्यातून जात. लोकांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली आणि ऑगस्ट 2021 पासून सरकारने 25,000 टनांवरच्या जहाजांना तिथून जायला बंदी घातली.

तेलाचा तवंग आणि मनातलं गणित

जहाज म्हटलं की पुष्कळांना आधी काळा किनारा आणि तेलाने माखलेला पक्षी आठवतो. हे चित्र कल्पनेतलं नाही. 18 मार्च 1967 रोजी ‘टॉरी कॅन्यन’ हा टँकर इंग्लंडच्या कॉर्नवॉलजवळ खडकावर आदळला. सुमारे 1,19,000 टन कच्चं तेल त्यात होतं. तेल जाळून टाकावं म्हणून ब्रिटिश सरकारने शेवटी त्यावर विमानांतून बॉम्ब टाकले, इतकी त्या काळी अशा संकटाची तयारी शून्य होती. मग 1978 मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर ‘अमोको कॅडिझ’, 1989 मध्ये अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डेझ’, 2002 मध्ये स्पेनजवळ ‘प्रेस्टिज’.

आता आकडे पाहा. टँकरमधून 7 टनांहून जास्त तेल सांडण्याच्या घटना 1970 च्या दशकात वर्षाला सरासरी 79 च्या आसपास होत्या. 2010 च्या दशकात त्या वर्षाला सहा-सातवर आल्या, आणि दरम्यान समुद्रावरून जाणारं तेल वाढलेलं होतं. दुहेरी कवचाचे टँकर, उपग्रहावरून दिशा शोधणं, कडक तपासणी आणि भरपाईची मोठी जबाबदारी, या सगळ्याचा हा परिणाम आहे. तरीही लोकांना धोका वाढतोय असंच वाटतं. याचं एक स्पष्टीकरण अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये मांडलं होतं. एखादी गोष्ट जितकी चटकन आठवते, तितकी ती वारंवार घडते असं आपण धरून चालतो. सुखरूप पोचलेला टँकर आठवणार तरी कसा? त्याची बातमीच होत नाही.

याची सगळ्यात बोलकी जोडी अशी. 1989 मध्ये ‘एक्सॉन व्हाल्डेझ’मधून सुमारे 37,000 टन तेल सांडलं. त्याच्या दहा वर्षं आधी, जुलै 1979 मध्ये, ‘अटलांटिक एम्प्रेस’ हा टँकर टोबॅगोजवळ दुसऱ्या टँकरवर आदळला आणि 2,87,000 टन तेल गेलं, म्हणजे जवळपास आठपट. टँकरच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी गळती. दोन डझनांहून जास्त खलाशी त्यात मेले. पण टँकर भर समुद्रात बुडाला, किनारा फारसा काळा झाला नाही, आणि आज त्याचं नाव क्वचितच कुणाला आठवतं. अलास्कातले तेलात माखलेले पाणमांजर मात्र एका पिढीच्या स्मरणात कोरले गेले.

मेक्सिकोच्या आखातातली 2010 ची ‘डीपवॉटर होरायझन’ दुर्घटनाही अनेक जण जहाजवाहतुकीच्या खात्यावर टाकतात. ती तेलविहीर खणणाऱ्या फलाटावरची होती, मालवाहतुकीशी तिचा संबंध नव्हता.

सोळा जहाजांची दंतकथा

हवेच्या प्रदूषणाबद्दल एक वाक्य 2009 पासून फिरतंय, “जगातली सगळ्यात मोठी सोळा जहाजं जगातल्या सगळ्या मोटारींइतकं प्रदूषण करतात.” ऐकणाऱ्याला वाटतं, तापमानवाढीत सोळा जहाजांचा वाटा सगळ्या मोटारींइतका. तसं मुळीच नाही. ते वाक्य फक्त गंधकाच्या ऑक्साइडांबद्दल होतं. मोटारीच्या इंधनातून गंधक जवळपास पूर्ण काढून टाकलेलं असतं. युरोपात त्याची मर्यादा 0.001 टक्का आहे. जहाजांच्या जड इंधनात त्या काळी 4.5 टक्क्यांपर्यंत गंधक चालत असे. तुलना म्हणूनच एवढी भयंकर निघाली. 1 जानेवारी 2020 पासून जहाजांसाठीची ही मर्यादा 0.5 टक्का झाली आहे. तरी वाक्य अजून फिरतंच आहे.

म्हणून उद्योग निर्दोष ठरतो का? नाही. अनेक जहाजमालकांनी स्वच्छ इंधन घेण्याऐवजी धूर धुणारं यंत्र बसवलं, आणि त्यातलं बरंचसं धुवण समुद्रात सोडलं जातं. म्हणजे जे आकाशात जायचं त्यातलं काही आता पाण्यात जातं. कार्बनचं म्हणाल, तर एक टन माल एक किलोमीटर न्यायला मोठं जहाज ट्रकपेक्षा कितीतरी कमी कार्बन सोडतं आणि विमानाशी तर तुलनाच नको. पण पसारा एवढा मोठा, की 2018 मध्ये या उद्योगाचं एकूण उत्सर्जन 100 कोटी टनांच्या वर, जगाच्या जवळपास 3 टक्के होतं. संपूर्ण जर्मनीपेक्षा जास्त. ‘जहाज सगळ्यात हिरवं’ आणि ‘जहाजं मोठी प्रदूषक’ ही दोन्ही विधानं म्हणून एकाच वेळी खरी आहेत. एक दर टनामागचं आहे, दुसरं बेरजेचं. कोण कोणतं विधान पुढे करतंय ते पाहावं, म्हणजे बोलणाऱ्याची बाजू कळते.

2023 मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत देशांनी 2050 च्या सुमारास निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं ठरवलं. त्यासाठी कार्बनवर पैसे आकारण्याची चौकट एप्रिल 2025 मध्ये मान्य झाली. ऑक्टोबरमध्ये लंडनला तिच्यावर अंतिम निर्णय व्हायचा होता, तो मतदान घेऊन वर्षभर पुढे ढकलला गेला. एखादा टँकर फुटल्यावर जेवढी चर्चा होते, तिच्या पासंगालाही ही बातमी पुरली नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं.

फायदा सगळ्यांचा, जोखीम एका किनाऱ्याची

किनाऱ्यावरचे लोक एखाद्या बंदराला किंवा टँकरमार्गाला विरोध करतात, तेव्हा “त्यांना नीट माहिती नाही” हे उत्तर उद्योगाकडून हमखास येतं. माहिती दिली की विरोध मावळेल, असं त्यात गृहीत असतं. मला हे पटत नाही, आणि का ते मॉरिशसच्या उदाहरणावरून सांगतो.

25 जुलै 2020 रोजी ‘वाकाशिओ’ हे जहाज मॉरिशसच्या प्रवाळावर चढलं. मालक जपानी, झेंडा पनामाचा. जहाज मॉरिशसला येतच नव्हतं. ते रिकामं, ब्राझीलकडे निघालेलं होतं. मॉरिशसला त्यातून ना माल मिळणार होता, ना भाडं, ना रोजगार. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जहाजाच्या टाकीतून सुमारे 1,000 टन इंधन तेल खाडीत आलं. आकडा लहान वाटेल, पण त्या पाण्यात प्रवाळ होते, खारफुटी होती, आणि त्यावर जगणारे मासेमार होते. लोकांनी कुणाची वाट पाहिली नाही. उसाचा पाचोळा कापडात भरून शिवला, लांबच लांब गुंडाळ्या केल्या आणि तेल अडवायला पाण्यात सोडल्या. 29 ऑगस्टला हजारो लोक काळे कपडे घालून राजधानीच्या रस्त्यांवर उतरले. या माणसांना टँकर अपघातांची घटती सरासरी दाखवून काय होणार? सरासरी सगळ्या जगाची असते, तेल एकाच्याच दारात येतं.

श्रीलंकेचंही तसंच. 2021 मध्ये कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ हे कंटेनर जहाज पेटलं आणि बुडालं. प्लॅस्टिक बनवायच्या कच्च्या मालाचे मसुराच्या दाण्याएवढे मणी, जवळपास 1,680 टन, त्यावर होते. ते मैलोन्‌मैल वाळूत पसरले. मासेमारी बंद पडली.

म्हणजे व्यवहाराची रचनाच अशी आहे की स्वस्त वाहतुकीचा फायदा कोट्यवधी लोकांत पातळ वाटला जातो, इतका पातळ की कुणाला जाणवत नाही, आणि तोटा एका जागी घट्ट होऊन बसतो. दूर राहणारा “महत्त्वाचं आहे” म्हणतो, जवळ राहणारा “आमच्याकडे नको” म्हणतो, आणि दोघेही आपापल्या जागेवरून बरोबर पाहत असतात. अर्थात किनाराही एका सुरात बोलत नाही. कॅनडाने 2019 मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तर किनाऱ्यावर मोठ्या तेलवाहू जहाजांना कायद्याने मज्जाव केला, तेव्हा तिथल्या काही आदिवासी समाजांनी आनंद केला आणि काहींनी, आमच्या उत्पन्नाचा मार्ग आम्हाला न विचारता बंद केला म्हणून, विरोध केला.

राग कायदा घडवतो, पण फोटो असेल तरच

लोकांच्या मताला समुद्रावर किंमत नाही असं समजू नका. प्रत्येक मालवाहू जहाजाच्या कुशीवर एक वर्तुळ आणि त्यातून जाणारी आडवी रेघ रंगवलेली असते. पाणी त्या रेघेच्या वर आलं तर जहाज जास्त भरलंय. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये मालक मोडकी जहाजं प्रमाणाबाहेर भरून, विमा उतरवून पाठवत आणि खलाशी बुडत. लोक त्यांना ‘शवपेटी जहाजं’ म्हणत. सॅम्युअल प्लिमसॉल या खासदाराने हा प्रश्न लोकांपुढे नेला, संतापाची लाट उठली आणि 1876 मध्ये ती रेघ कायद्याने आली. ‘टायटॅनिक’ 1912 मध्ये बुडालं आणि 1914 मध्ये समुद्रावरच्या जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. ‘टॉरी कॅन्यन’नंतर तेल प्रदूषणाचे करार आले. ‘एक्सॉन व्हाल्डेझ’नंतर सतरा महिन्यांच्या आत अमेरिकेने दुहेरी कवच सक्तीचं करणारा कायदा केला.

आता ज्याचा फोटो निघत नाही ते पाहा. रिकामं जहाज तोल राखायला टाक्यांत समुद्राचं पाणी घेतं आणि दुसऱ्या टोकाला ओतून देतं. त्यातून परक्या समुद्रातले जीव येतात आणि तिथले मूळचे जीव संपवतात. उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत झेब्रा शिंपले असेच आले. याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार 2004 मध्ये झाला आणि अमलात यायला 2017 उजाडलं. जुनी जहाजं तोडताना मजूर मरतात, त्याबद्दलचा हाँगकाँग करार 2009 चा. तो अमलात आला जून 2025 मध्ये, म्हणजे सोळा वर्षांनी. एका देशाचा कायदा आणि अनेक देशांचा करार यांना एका तागडीत तोलणं पूर्ण न्याय्य नाही, हे कबूल. तरी सतरा महिने आणि सोळा वर्षं यांतलं अंतर फक्त कागदपत्रांचं आहे, असं मला वाटत नाही.

आवाजाचं तर विचारूच नका. सप्टेंबर 2001 मध्ये अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर काही दिवस कॅनडाच्या फंडीच्या उपसागरातली जहाजं कमी झाली. तिथे देवमाशांच्या विष्ठेचे नमुने गोळा करणाऱ्या संशोधकांना पुढे तपासणीत आढळलं, की त्या दिवसांत देवमाशांच्या अंगातली ताणाची संप्रेरकं उतरली होती. देवमासे आयुष्यभर त्या गोंगाटात राहतात, आणि ते आपल्याला जहाजं थांबली तेव्हा कळलं.

सगळ्यात मागे राहिलेला माणूस

या सगळ्यात खलाशी कुठे आहे? बातमीत तो येतो तो बहुधा आरोपी म्हणून. डिसेंबर 2007 मध्ये दक्षिण कोरियाच्या किनाऱ्याजवळ ‘हेबेई स्पिरिट’ हा टँकर नांगर टाकून उभा होता. ओढून नेली जाणारी एक क्रेनची तराफी दोर तुटून त्यावर आदळली आणि 10,000 टनांहून जास्त तेल सांडलं. कोरियातल्या दहा लाखांहून जास्त माणसांनी येऊन हातांनी किनारा पुसला, इतकी ती जखम खोल होती. त्या संतापात नांगरलेल्या जहाजाच्या दोन भारतीय अधिकाऱ्यांना सुमारे दीड वर्ष देशाबाहेर जाऊ दिलं नाही. एकदा सुटले, अपिलात पुन्हा तुरुंगात गेले, आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगवास रद्द केला. जगभरच्या खलाशांच्या संघटना त्यांच्यासाठी उभ्या राहिल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं खलाशांना या प्रकरणी वाटलं असेल तर त्यांचं चुकलं कुठे?

2020 मध्ये साथीमुळे देशांनी सीमा बंद केल्या. माल उतरत राहिला, माणसं उतरू शकली नाहीत. वर्षअखेरीस सुमारे 4 लाख खलाशी करार संपूनही जहाजावरच अडकलेले होते. रुग्णालयातल्यांसाठी टाळ्या वाजल्या, त्या वाजायलाच हव्या होत्या. औषधं आणि धान्य आणणारे हे 4 लाख लोक मात्र कुणाच्या गॅलरीतून दिसत नव्हते.

आणि मालकाने वाऱ्यावर सोडलेली जहाजं. कर्ज थकलं, जहाज जप्त झालं, की काही मालक फोन उचलणंच बंद करतात. खलाशांना पगार नाही, कधी पिण्याचं पाणीही नाही, आणि जहाज सोडून उतरायचं तर बंदराची परवानगी नाही. 2024 या एका वर्षात अशी 300 हून जास्त जहाजं नोंदली गेली.

अशाच सोडून दिलेल्या एका जहाजाचं हे जुनं प्रकरण. 2013 मध्ये ‘रोसस’ नावाचं मोल्दोवाच्या झेंड्याचं जुनाट जहाज लेबनॉनमधल्या बैरुत बंदरात अडकलं. मालकाने त्याला सोडून दिलं. कप्तान आणि तीन खलाशी महिनोन्‌महिने त्यावर अडकून पडले, कारण जहाजावर कुणीतरी असणं बंदराला हवं होतं. पोटात 2,750 टन अमोनियम नायट्रेट होतं. 2014 मध्ये जहाजांच्या बातम्या देणाऱ्या एका संकेतस्थळाने ‘तरंगता बॉम्ब’ असं म्हणून त्या खलाशांची हकीकत छापली. जहाजांच्या धंद्याबाहेर ती फारशी कुणी वाचली नाही. खलाशी सुटले, माल बंदरातल्या गोदामात गेला, आणि 2018 मध्ये ते रिकामं जहाज त्याच बंदरात हळूहळू पाणी भरून बुडालं. 4 ऑगस्ट 2020 रोजी गोदाम फुटलं आणि दोनशेहून जास्त माणसं मेली. तेव्हा कुठे लोकांनी ‘रोसस’ हे नाव शोधायला घेतलं.